देवाचे भय धरणारा माणूस



दृढीकरण संस्काराच्या तयारीला बसलेल्या मुलांना पवित्र आत्म्याची सात दाने विचारली की ती पाढे म्हटल्यासारखी घडाघड सांगतात: शहाणपण, आकलन, सुबुद्धीचा सल्ला, धैर्य, ज्ञान, ईशभक्ती आणि देवाचे भय. पहिल्या सहांबद्दल कोणाचीच तक्रार नसते. सातव्यापाशी मात्र एखादा मुलगा हात वर करतो. देव आपला पिता आहे असे शिकवता, मग पित्याला भ्यायचे कशाला? आणि भीती ही भेटवस्तू कशी काय होऊ शकते? प्रश्न रास्त आहे. मोठ्यांनाही तो पडतो, पण मोठी माणसे तो विचारत नाहीत, इतकेच.

आजच्या पाठात आपण या सातव्या दानाचा विचार करू. कारण पवित्र शास्त्र त्याच्याविषयी फार मोठी गोष्ट सांगते. नीतिसूत्रे, ईयोब, स्तोत्रसंहिता आणि बेन सिराचा ग्रंथ या चारही ठिकाणी एकच शिकवण आली आहे: माणसाच्या शहाणपणाची सुरुवात देवाचे भय धरण्यापासून होते. बेन सिरा तर पहिल्याच अध्यायात हे भय शहाणपणाचा आरंभ आहे, त्याची पूर्णता आहे, त्याचा मुकुट आहे आणि त्याचे मूळही आहे असे चार वेळा चार तऱ्हांनी सांगतो. (हा ग्रंथ मराठी बायबलच्या सर्वच प्रतींत नसतो. आपल्या घरची प्रत कॅथोलिक आहे का, ते या निमित्ताने पाहून घ्यावे.) विशेष म्हणजे तिथे तो आनंदाची भाषा वापरतो. देवाचे भय धरणाऱ्याचे हृदय प्रसन्न होते, असे त्याचे म्हणणे आहे. भीतीने माणूस प्रसन्न होतो, असा अनुभव आपल्यापैकी कितीजणांना आला असेल? म्हणजे इथे भय या शब्दाचा अर्थ आपल्या नेहमीच्या अर्थाहून वेगळा असला पाहिजे.

सात दानांची यादी यशया संदेष्ट्याच्या अकराव्या अध्यायातून आली आहे. तिथे एक गंमत आहे. मूळ हिब्रू वचनात दाने सहाच आहेत, आणि देवाच्या भयाचा उल्लेख लागोपाठ दोनदा येतो. ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी त्यांपैकी एका ठिकाणी ईशभक्ती असा शब्द घातला आणि सहाची सात दाने झाली. तेव्हा ईशभक्ती आणि देवाचे भय या दोन वेगळ्या वस्तू नव्हेतच. एकाच हिब्रू शब्दाची ती दोन रूपे आहेत. शिवाय यशया हे सर्व कोणाविषयी बोलतो? येणाऱ्या मसीहाविषयी. देवाचे भय मसीहाला गोड वाटेल, असे तो सांगतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातही प्रभू येशूची प्रार्थना त्याच्या या आदरयुक्त वृत्तीमुळे ऐकली गेली असे म्हटले आहे. जे दान खुद्द देवाच्या पुत्रापाशी होते ते थरथर कापण्याचे दान नक्कीच नसणार.

पापभीरू

मराठीत आपण वाघालाही भितो आणि देवालाही भितो, म्हणून घोटाळा होतो. तसे पाहिले तर आपल्या बोलीत या बाबतीत शब्दांची वाण नाही. सावकाराचा धाक असतो, मास्तरांचा दरारा असतो, वडीलधाऱ्यांची भीड असते. आजोबा ओसरीवर बसलेले असले की घरातली भांडणे आपोआप खालच्या आवाजात होतात. आजोबा काठी घेऊन मारतील म्हणून कोणी गप्प बसत नाही. त्यांच्यासमोर आपण असे वागू नये एवढीच ती भावना असते.

असाच एक सुंदर शब्द आपल्या भाषेत आहे: पापभीरू. मागच्या पिढीत एखाद्याला पापभीरू म्हणणे ही त्याच्या सचोटीची पावती होती. असा माणूस तराजूच्या पारड्याला बोट लावणार नाही, शेजाऱ्याचा बांध कोरणार नाही, विधवेच्या पैशाला हात घालणार नाही, आणि त्यासाठी त्याच्यावर कोणी पाळत ठेवण्याची गरज नाही. हल्ली हा शब्द ऐकू येतो तो निराळ्या सुरात. 'फार पापभीरू आहे हो बिचारा!' म्हणजे याला कोणीही फसवावे आणि याने मुकाट्याने सहन करावे. शब्दाची किंमत अशी घसरली की समाजाचेही काहीतरी घसरलेले असते, असे आम्हाला वाटते.

पवित्र शास्त्रातली देवाला भिणारी माणसे बिचारी मुळीच नाहीत. निर्गम ग्रंथाचा पहिला अध्याय काढून पाहा. मिसर देशाचा राजा फारो दोन सुइणींना बोलावून हुकूम देतो: इब्री बायकांना मुलगा झाला तर त्याला तिथल्या तिथे मारून टाका. शिप्रा आणि पुवा ही त्या दोघींची नावे. जगातल्या सर्वांत बलाढ्य राजासमोर उभ्या असलेल्या या दोन साध्या बायका. त्या परत गेल्या आणि त्यांनी मुलगे जिवंत ठेवले. शास्त्र याचे कारण एवढेच देते की त्यांच्या मनात देवाचे भय होते. लक्षात घ्या, त्या भित्र्या असत्या तर त्यांनी फारोचे ऐकले असते. देवाला भ्यायल्यामुळे त्या फारोला भ्यायल्या नाहीत. फारोचे नाव तिथे दिलेले नाही. कोणता फारो, यावर विद्वान अजून वाद घालतात. सुइणींची नावे मात्र पवित्र शास्त्राने जपून ठेवली आहेत.

ख्रिस्तसभेच्या आचार्यांनी या बाबतीत दोन प्रकारच्या भयांत फरक केला. संत थॉमस अक्वायनस म्हणतात की एक गुलामाचे भय असते आणि एक लेकराचे. गुलाम शिक्षेला भितो. मालकाची पाठ वळली की त्याचे भय संपते. लेकरू आईवडिलांचे मन दुखावेल याला भिते. ते दूर गेले तरी हे भय जात नाही, उलट वाढते. मग गुलामाचे भय अगदी टाकाऊ का? संत अगस्टीन तसे म्हणत नाहीत. योहानाच्या पहिल्या पत्रात पूर्ण प्रीती भयाला बाहेर घालवते असे जे सांगितले आहे, त्यावर प्रवचन करताना त्यांनी सुईचा दाखला दिला. कापडात आधी सुई शिरते, पण सुई तिथे राहत नाही. ती दोरा ओढून आणते आणि बाहेर पडते. शिक्षेचे भय ही सुई आणि प्रीती हा दोरा. तेव्हा आईने लहानपणी 'देव बघतोय हं' म्हणून दटावले असेल तर तिला नावे ठेवू नका. तिने सुई घातली. दोरा आला की नाही, हे आता आपण पाहायचे.

गुलामाचे भय माणसाला लपायला लावते, जसे आदाम झाडांआड लपला. लेकराच्या भयाने माणूस जवळ येतो. लूककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात रात्रभर काही न मिळालेला पेत्र येशूच्या शब्दावरून जाळे टाकतो. जाळे टाकण्याआधी तो येशूला गुरुजी म्हणून हाक मारतो. जाळी माशांनी फाटायला लागल्यावर तो येशूच्या पाया पडतो आणि प्रभू म्हणतो. मी पापी आहे, माझ्यापासून दूर जा, असे विनवतो, पण तोंडाने दूर जा म्हणणारा हा माणूस येशूचे गुडघे सोडत नाही. आणि येशू त्याला पहिली गोष्ट सांगतो ती हीच की भिऊ नकोस. या दोन गोष्टी एकाच क्षणी घडतात, म्हणून सातवे दान शब्दांत पकडणे कठीण जाते.

एवढ्या शिकलेल्या शहरात

पण या सर्वाचा शहाणपणाशी संबंध काय? चांगुलपणाशी असेल, हे मान्य. शहाणपणासाठी तर शाळा आहेत, कॉलेजे आहेत.

पुण्यात राहून हा प्रश्न विचारणे साहजिक आहे. या शहराला विद्येचे माहेरघर म्हणतात. शनिवार पेठेतून संध्याकाळी चालत गेले तर दर दोन इमारतींमागे एखादी अभ्यासिका दिसते. खेड्यापाड्यांतून आलेली मुले तिथे रात्री उशिरापर्यंत एमपीएससीची पुस्तके उघडून बसलेली असतात. डबा, कॉट आणि अभ्यासिकेची फी भागवताना गावाकडे बापाचा जीव मेटाकुटीला आलेला असतो. या कष्टांना कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. आपल्या धर्मग्रामातली मुलेही त्यांत आहेत. पण त्या पुस्तकांतून जे मिळते त्याला शास्त्र माहिती आणि कौशल्य म्हणते. ईयोबच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात खाणकाम करणाऱ्यांचे मोठे कौतुक आहे. माणूस दिवा घेऊन जमिनीच्या पोटात उतरतो, घारीच्या नजरेलाही न दिसलेल्या वाटा काढतो, चांदी, सोने, लोखंड, तांबे वर आणतो. इतके करूनही शहाणपण कोणत्या खाणीत आहे, हे त्याला सापडत नाही. खोल सागराला विचारावे तर तो म्हणतो, माझ्यापाशी नाही. सोने देऊन ते विकतही मिळत नाही. अध्यायाच्या शेवटच्या ओळीत देव स्वतः ठिकाणा सांगतो: त्याचे भय धरणे आणि वाईटापासून दूर होणे.

याचा अर्थ आम्ही असा समजतो. माणूस कितीही शिकला तरी त्याला दोन गोष्टी खरे बोलू देत नाहीत: स्वतःचा लोभ आणि इतरांची भीती. समोरची गोष्ट त्याला दिसते, पण ती मान्य केली तर नुकसान होईल म्हणून तो ती वेगळी पाहू लागतो, आणि जितका हुशार तितक्या चांगल्या सबबी त्याला सापडतात. अशा वेळी ज्याच्या मनात देवाचे भय आहे त्याला एक ठाऊक असते की शेवटचा न्याय माझ्या हातात नाही, साहेबांच्या नाही आणि गल्लीतल्या लोकांच्या तर नाहीच नाही. म्हणून समोरचे जसे आहे तसे पाहण्याची त्याला मोकळीक मिळते. शहाणपणाची सुरुवात ही. सुरुवात म्हणजे मागे टाकून पुढे जायची पायरी असा अर्थ घेऊ नये. मुळाक्षरे पहिलीत शिकतात, पण पुढे डॉक्टरेटचा प्रबंध लिहायचा तरी तीच अक्षरे लागतात.

अक्षरांवरून आठवले. शनिवार पेठेच्या टोकाला शनिवारवाडा आहे, आणि 'ध'चा 'मा' ही म्हण तिथली. १७७३ च्या ३० ऑगस्टला, गणेशोत्सवाच्या दिवसांत, तरुण नारायणराव पेशव्यांचा त्या वाड्यात गारद्यांनी खून केला. 'धरावे' या शब्दाचे आनंदीबाईंनी 'मारावे' केले ही आख्यायिका आहे. इतिहासकार ती जशीच्या तशी मानत नाहीत. पण खुनानंतर काय झाले, ते आपल्या पाठाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. चुलते रघुनाथराव पेशवे झाले. सत्ता त्यांची, सैन्य त्यांचे, दरबार त्यांचा. मुख्य न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि या खुनाचा दोष रघुनाथरावांवर येतो असे ठरवले. याला प्रायश्चित्त काय, असे विचारल्यावर देहान्त, दुसरे नाही, असे त्यांनी तोंडावर सांगितले आणि पुणे सोडून ते निघून गेले, असे परंपरा सांगते.

ज्याच्याविरुद्ध निकाल द्यायचा, तोच राज्याचा धनी. त्या जागी आपण असतो तर किती वाटा शोधल्या असत्या! पुरावा अपुरा आहे, प्रकरण नाजूक आहे, काही दिवस जाऊ द्यावेत, आपल्यालाही लेकरेबाळे आहेत. यांतली एकही सबब मूर्खपणाची नाही. व्यवहारात असल्याच सबबींना शहाणपण म्हणतात.

रामशास्त्र्यांची आणखी एक गोष्ट सांगतात. ती आम्हाला पहिलीहून जास्त विचार करायला लावते. थोरले माधवराव पेशवे काही काळ जपजाप्य आणि अनुष्ठानांत फार गुंतले होते. एके दिवशी शास्त्रीबुवा कामासाठी आले तर पेशवे ध्यानाला बसलेले. शास्त्रीबुवा परत गेले आणि दुसऱ्या दिवशी काशीला जाण्याची परवानगी मागू लागले. पेशव्यांनी कारण विचारले तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले की जप करायचा असेल तर चला, दोघेही काशीला जाऊन गंगेकाठी बसू. राज्य करायचे असेल तर रयतेचा न्याय करणे हाच तुमचा धर्म. माधवरावांनी ते ऐकले, हा त्यांचाही मोठेपणा. देवाच्या नावाने केलेली साधनासुद्धा देवाने सोपवलेल्या कामापासून पळण्याची जागा होऊ शकते, हे त्या शास्त्रीपंडिताने ओळखले होते. नोव्हेना चुकवत नाही पण भावाशी दहा वर्षे बोलत नाही, अशी घरे आपल्याकडेही आहेत. त्यांना रामशास्त्री काय म्हणाले असते?

कोणी म्हणेल, चर्चच्या पत्रकात पेशवाईच्या शास्त्र्यांचे उदाहरण कशाला? याचे उत्तर प्रेषितांच्या कृत्यांतल्या दहाव्या अध्यायात आहे. कर्नेल्य हा रोमन सैन्यातला शताधिपती, परका माणूस. पण तो देवाला भिऊन वागत असे, दानधर्म करीत असे. पेत्र त्याच्या घरी गेला आणि तिथे त्याचे डोळे उघडले: देव तोंडे पाहून भेद करीत नाही, कोणत्याही लोकांतला जो त्याचे भय धरतो आणि नीतीने वागतो तो त्याला पसंत पडतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सदसद्विवेकबुद्धीविषयी शिकवताना तिला माणसाचा सर्वांत आतला गाभारा म्हटले. तिथे तो एकटा देवासमोर असतो. तो गाभारा प्रत्येक माणसात आहे.

आणि पुण्याच्या ख्रिस्ती माणसाला तरी हे परके वाटू नये. वाड्यात मारल्या गेलेल्या नारायणरावांचा मुलगा सवाई माधवराव. बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेला. त्याच्याच कारकिर्दीत, १७९२ साली, पेशव्यांच्या सैन्यातील पोर्तुगीज अधिकारी डॉम मिगेल दि नोरोन्या यांच्या विनंतीवरून कॅथोलिकांना चर्चसाठी जागा मिळाली. तेच क्वार्टर गेटचे आपले सिटी चर्च.

आपल्या घरातले कागद

'ध'चा 'मा' करायला शनिवारवाडा लागत नाही. सातबाऱ्यावरून बहिणीचे नाव गुपचूप कमी होते. खरेदीखतावर एक रक्कम लिहिली जाते आणि पिशवीतून दुसरीच दिली जाते. लग्न ठरवताना मुलाचा आजार झाकला जातो. खोटे आजारपण लिहून दिलेला दाखला ऑफिसात जातो. प्रत्येक वेळी बदलतो तो एखादाच शब्द, आणि प्रत्येक वेळी कोणी ना कोणी शहाणा माणूस शेजारी बसून म्हणतो, सगळेच करतात. २०१४ साली पवित्र आत्म्याच्या दानांवर बोलताना तत्कालीन पोप फ्रान्सिस यांनी देवाच्या भयाला धोक्याची घंटा म्हटले होते. पैशासाठी आणि गर्वासाठी जगणाऱ्यांना ती जागे करते. घंटा कर्कश असते म्हणून आपण तिची तार काढून ठेवतो.

एक नाजूक विषय इथे काढणे आम्हाला भाग आहे. आपल्या समाजातील बहुसंख्य कुटुंबांचे पूर्वज नगर जिल्ह्यातले आणि आसपासचे. गावकुसाबाहेर ठेवलेल्या वस्त्यांतून त्यांनी प्रभूला स्वीकारले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यांत घेतले गेले, ख्रिस्ती दलितांना मात्र घेतले नाही. पाणवठ्यावरचा अपमान बाप्तिस्म्याने थांबला नाही, सवलत मात्र थांबली. म्हणून शाळेच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात वेगळेच काही लिहिणारे बाप आपल्यात आहेत. त्यांना दोष देणे सोपे आहे आणि तो देणारे बहुधा त्या वाटेने कधी चाललेले नसतात. आम्ही तो देणार नाही. अन्याय आधी त्या आदेशात आहे, आणि त्याविरुद्ध बोलण्याचे काम त्या एकट्या बापाचे नाही, आपल्या सर्वांचे आहे.

तरीही त्या घरातल्या मुलाचा विचार करावा लागतो. रविवारी त्याला मिस्साला नेतात आणि सोमवारी शाळेत कोणी विचारले तर सांगू नकोस म्हणतात. तो काय शिकतो? देव घरात मोठा आहे आणि बाहेर लहान आहे, हे शिकतो. कागदाचा प्रश्न सुटायला वर्षे लागतील, पण घरातले बोलणे आज बदलता येते. आपण कोण आहोत, आजी कुठल्या गावात कोणत्या फादरांच्या हातून बाप्तिस्मा घेऊन उभी राहिली, लोकांनी तिला काय काय ऐकवले आणि तिने काय सोडले नाही, हे मुलाला ताठ मानेने सांगावे. त्या आजीला लिहिता येत नव्हते. तिच्या मनात देवाचे भय होते, आणि पाटलाचे नव्हते.

ऐकणारे अंतःकरण

शनिवार पेठेत वाड्यापासून दूर नाही असे आणखी एक ठिकाण आहे, स्नेहसदन. येशूसंघीयांचे हे केंद्र. आपले 'निरोप्या' मासिक १९०३ साली नगर जिल्ह्यातील केंदळ येथे फादर हेन्री डोरिंग यांनी सुरू केले (ते पुढे पुण्याचे बिशप झाले), आणि नंतरच्या काळात ते याच पत्त्यावरून प्रसिद्ध होत आले. स्नेहसदनाची उभारणी करणारे फादर मॅथ्यू लेदर्ले जर्मनीहून आलेले. पुण्याच्या या जुन्या पेठेत, वेदान्त आणि संतवाङ्मय कोळून प्यालेल्या लोकांच्या शेजारी, एका परदेशी धर्मगुरूने राहायला यायचे कशासाठी? शिकवायला, असे कोणालाही वाटेल. फादर लेदर्ले शिकायला बसले. आधुनिक महाराष्ट्रातील तात्त्विक विचारप्रवाहांवरचा त्यांचा अभ्यासग्रंथ १९७६ साली निघाला. भारतीय ख्रिस्ती चित्रकलेचा अभ्यास आणि प्रसार हेही त्यांचे मोठे काम.

याला कोणी विद्वत्तेची हौस म्हणेल. आम्हाला त्यात सातवे दान दिसते. देवाविषयी ज्याच्या मनात खरा आदर आहे त्याला एक धास्ती सतत असते की देव माझ्याआधी इथे येऊन काही करून गेला असेल आणि माझ्या पायाखाली ते तुडवले जाईल. मोशेला जळत्या झुडपापाशी आधी पायतण काढायला सांगितले आणि मगच पुढचे बोलणे झाले. आपल्याकडे दुसऱ्याच्या घरात शिरताना चपला उंबऱ्याबाहेर काढतात. दुसऱ्याच्या मनात शिरतानाही तसेच करावे लागते. बायकोचे बोलणे अर्ध्यात तोडणारा नवरा, आजाऱ्याला भेटायला जाऊन उपदेश करणारे आम्हा प्रार्थना-मंडळातले लोक, सुनेला माहेराहून आणलेली एकही रीत घरात चालू न देणारी सासू, यांना बुद्धी कमी असते असे नाही. पायतण काढायचे राहून जाते.

शलमोन राजाने गिबोन येथे स्वप्नात देवाकडे शहाणपण मागितले, हे सर्वांना माहीत आहे. पण मूळ हिब्रू शब्दांत त्याने जे मागितले ते ऐकणारे अंतःकरण. वय लहान, प्रजा मोठी, मला जाण नाही, अशी त्याने आधी कबुली दिली. देव प्रसन्न झाला. ही झाली राजांच्या पहिल्या ग्रंथातील तिसऱ्या अध्यायाची गोष्ट. रविवारच्या शाळेत आपण इथेच थांबतो. अकरावा अध्याय सहसा कोणी वाचून दाखवत नाही. तिथे हाच शलमोन म्हातारा झाला आहे. मंदिर बांधून झाले, दूरदूरच्या देशांतून लोक त्याचे बोल ऐकायला येऊन गेले, नीतिसूत्रे रचून झाली, आणि आता तो डोंगरावर परक्या दैवतांसाठी वेद्या बांधतो आहे. त्याची बुद्धी कुठे गेली नव्हती. स्मरणशक्तीही असेल. ऐकणे तेवढे थांबले होते, आणि ते थांबल्याचे त्याला कळलेही नाही. देवाचे भय एकदा मिळाले की जन्मभर पुरते, असे समजणाऱ्यांनी, विशेषतः आमच्यासारख्या वीस-पंचवीस वर्षे चर्चच्या कामात असलेल्यांनी, हा अध्याय दारे लावून एकट्याने वाचावा.

मंदिरातल्या शिस्तीविषयी थोडेच सांगतो, कारण ते वारंवार सांगून झाले आहे. मिस्सा चालू असताना खिशात थरथरणारा मोबाइल, दारापाशी उभे राहून चालणाऱ्या गप्पा, वेदीकडे पाठ करून काढलेले लग्नातले फोटो, घाईत टेकल्यासारखा केलेला एक गुडघा. यांपैकी कशानेही देवाचे काही कमी होत नाही. पण शरीर जे शिकते ते मन हळूहळू शिकते. म्हाताऱ्या माणसांना गुडघा टेकता येत नाही म्हणून ती बाक धरून, डोळे मिटून, क्षणभर नुसती वाकतात. मुलांना ते दाखवावे. व्याख्यानापेक्षा ते लवकर समजते.

या आठवड्यात कुटुंब-प्रार्थनेच्या वेळी रोजरी झाल्यावर निर्गम ग्रंथाचा पहिला अध्याय घरातल्या सर्वांत लहान वाचता येणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावा. वाचायला पाच मिनिटेही लागत नाहीत. नंतर त्याला विचारावे की त्या दोघी सुइणी फारोला का भ्यायल्या नाहीत. उत्तर मोठ्यांनी सुचवू नये. आणि ज्या मुलांचे दृढीकरण यंदा आहे त्यांनी सातव्या दानाविषयीचा आपला प्रश्न कागदावर लिहून पुढच्या रविवारी मिस्सानंतर श्रद्धाशिक्षणाच्या वर्गात आणावा. कागदावर नाव घातले नाही तरी चालेल.